पाठीवरची थंड रेघ

१

माझं दुखणं संध्याकाळी परत आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा गुन्हेगारही ठरून गेला होता. दुखणं माझं होतं, पण मला कुणी काही विचारलं नव्हतं.

माझ्या आतड्याचा एक खराब तुकडा काढला होता. पोटाला तात्पुरती पिशवी होती. काही महिन्यांनी पुन्हा पोट उघडून ती काढायची होती. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या मॅडमनी माझ्या पाठीत, मणक्यांच्या मधून, एक बारीक नळी सोडली. तिला एपिड्यूरल म्हणतात. तिच्यातून औषध हळूहळू झिरपत राहतं, पोटाचा पट्टा बधिर होतो आणि माणूस शुद्धीवर असूनही त्याला दुखत नाही. नळी नेमकी जागी बसली की नाही हे मॅडमनी सोनोग्राफीच्या लहान यंत्रावर तपासून घेतलं होतं.

दुपारी मी शुद्धीवर आलो तेव्हा खरंच दुखत नव्हतं. मी चक्क विनोद केला म्हणे. अक्का, माझी थोरली बहीण, म्हणाली, "भूल उतरलेली दिसत नाही, एरवी हा बोलत नाही." मग दिवे लागायच्या सुमारास पोटात असं काही उसळलं, की श्वास घ्यायचीही धास्ती वाटू लागली. खोकला आला तर मी तो गिळत होतो. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं सर्जनना फोन लावला. त्यांनी सांगितलं, "नळी काढून टाका, इंजेक्शनं द्या." नळी निघाली. पुरावा, असलाच तर, कचऱ्यात गेला.

सकाळी माझ्या खाटेभोवती सगळे जमले. सर्जन, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, शांतपणे म्हणाले, "नळी जागेवर नव्हतीच. पहिल्यापासून."

"होती," मॅडम म्हणाल्या. "मी बघितली होती."

"त्या खेळण्यात?"

"त्या खेळण्यात."

रुग्णालयाचे अधीक्षक दोघांकडे न बघता माझ्या सलाईनच्या बाटलीकडे बघत होते. ते म्हणाले, "उद्या बैठक घेऊ. तोपर्यंत ते यंत्र कुलपात राहील आणि मॅडम कुणाच्या पाठीला हात लावणार नाहीत. चूक ठरली तर मॅडम, तुम्हाला इथं राहता येणार नाही. आणि त्या यंत्रालाही." मग ते माझ्याकडे वळले. "दुखलं यांना. शेवटचा शब्द यांचा."

"सांग की," अक्का म्हणाली. "रात्रभर कण्हत होतास. त्या भूलवालीमुळेच झालं म्हणून सांग आणि मोकळा हो."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. स्वतःचं वाक्य मोठ्यानं बोलायची वेळ आली, की मला त्यातल्या चुका आधी दिसतात. आणि अक्काचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता.

"मला थोडा विचार करायचाय," मी म्हणालो.

खाटच बोलू लागावी तसं अक्कानं माझ्याकडे पाहिलं.

२

मॅडम दुपारी आल्या. दारातच म्हणाल्या, "तुमच्या पाठीला हात लावायची मला बंदी आहे. बोलायची नाही. बसू का?"

अक्कानं खुर्चीवरची पिशवी उचलली नाही. मॅडम खिडकीच्या कठड्याला टेकल्या.

"तुम्ही म्हणाल ते मी बैठकीत सांगेन असं नाही," मी चाचरत म्हणालो. "पण मला समजून घ्यायचंय. तुम्ही नळी यंत्रात बघितलीत म्हणजे काय बघितलंत?"

"नळी नाही बघितली. नळी कुठली दिसायला! इतकी बारीक, त्यात दोन्ही बाजूंना हाडांची सावली. पडद्यावर सगळं करडं असतं. मी नळीतून थोडं मिठाचं पाणी ढकलते. ते जिथं बाहेर पडतं तिथं रंग चमकतो. बरोबर थरात चमकला की नळी बरोबर. वरच्या स्नायूत चमकला की चूक. तुमचा बरोबर थरात चमकला. चित्रफीत ठेवलीय. सर म्हणतात, ती कुणाचीही पाठ असू शकते."

"आणि नंतर?"

"नंतर यंत्रासाठी लावलेलं जेल पुसलं, पाठ कोरडी केली, नळी पट्टीनं बसवली. दुपारी तुम्ही जागे झालात तेव्हा बर्फ लावून बघितला. आठवतंय? बधिर भागाला आधी थंडी कळेनाशी होते. छातीवर तुम्ही म्हणालात थंड. पोटावर म्हणालात, काही नाही. मांडीवर परत थंड. म्हणजे औषध हवं तिथं पोचत होतं."

"आठवतंय. बहुतेक. म्हणजे... मला स्वप्नही पडलं असेल."

"सर तेच म्हणतात. अर्धवट शुद्धीतला माणूस काहीही बोलतो, दुपारी दुखत नव्हतं ते मोठ्या भुलीच्या अमलामुळे." त्यांचा आवाज चढला नाही, पण हनुवटी वर आली. "काका, तुमची शंका तुम्ही खुशाल बाळगा. मी सकाळपासून इथल्या प्रत्येकाकडून एकच ऐकतेय, सॉरी म्हणून टाक, प्रकरण मिटेल. तुम्हाला दुखलं याचं मला वाईट वाटतं, ते मी म्हणते. पण चुकले असं म्हणणार नाही. उद्या नोकरी गेली तरी."

"तोरा बघा," अक्का म्हणाली.

"तोराच आहे, मावशी. सध्या माझ्याकडे तेवढाच उरलाय."

अक्काला उलट उत्तर देणारी माणसं मनातून आवडतात. मी तसा निघालो नाही याचा तिला सात दशकं राग आहे. मॅडम गेल्यावर तिनं टॉवेल ओला केला आणि मला कुशीवर वळवून पाठ पुसायला सदरा वर केला.

तिचा हात थांबला.

"अरे," ती म्हणाली, "तुझ्या पाठीवरून गोगलगाय फिरली की काय?"

३

वाळलेला, चकाकणारा एक पट्टा होता, ती म्हणाली. दोन खांद्यांच्या मधून सुरू होऊन थेट कमरेपर्यंत. नखानं खरवडला की पापुद्रे निघत होते. मध्ये जिथं नळीची पट्टी होती, तेवढी जागा रात्री स्पिरिटनं पुसलेली. वर आणि खाली मात्र पट्टा तसाच.

"जेल असेल," मी म्हणालो. "सोनोग्राफीचं."

"मग ती म्हणाली की पुसलं म्हणून. खोटारडी."

"तिनं यंत्र पाठीच्या मधोमध लावलं होतं, अक्का. मी जागा होतो. खांद्यापाशी नाही आणि कमरेलाही नाही."

आणि हे बोलताना मला ते आठवलं. आठवलं म्हणजे, जे मी स्वप्न समजून बाजूला ठेवलं होतं ते परत समोर आलं. काल संध्याकाळी, दुखायच्या आधी, मी भिंतीकडे तोंड करून पेंगत होतो. कुणीतरी माझा सदरा वर केला. काही बोललं नाही. खांद्यांच्या मध्ये गारेगार काहीतरी टेकलं. ते हळूहळू खाली सरकलं, आणि सरकता सरकता त्यातली थंडी नाहीशी झाली. नुसता दाब उरला. तो पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला, जसं कुणी अंधारात खिशातली किल्ली चाचपावी. मग कमरेपाशी थंडी परत उगवली.

तेव्हा मला वाटलं होतं, स्वप्नातल्या वस्तू अशाच अर्धवट असतात.

आता मी अक्काला म्हणालो, "तो चहाचा चमचा गार पाण्यात बुडव. आणि माझ्या पाठीवरून वरून खाली फिरव."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरव गं."

मी तिला असं कधी सांगितलं नव्हतं. तिनं मुकाट्यानं चमचा बुडवला. खांद्यांच्या मधून निघालेली थंडी सलग, जराही न तुटता, कमरेपर्यंत गेली. मला शहारा आला आणि पोटातला टाका ओढला गेला, पण मी कण्हलो नाही.

आज नळी नव्हती आणि थंडी तुटत नव्हती. काल तुटली होती. बर्फ लावून मॅडम जे शोधत होत्या, तेच कुणीतरी नकळत माझ्या पाठीवर करून गेलं होतं. त्या वेळी माझा मधला पट्टा बधिर होता. म्हणजे तोवर नळी जागेवर होती.

आणि जो कुणी आला होता, तो गेल्यानंतरच दुखायला लागलं.

४

"मी कशाला लपवू?" सिस्टर म्हणाली, म्हणजे ती काहीतरी लपवत होती.

ती तापमान बघायला आली होती. मी तिला एवढंच विचारलं, की काल संध्याकाळी माझा सदरा कुणी बदलला. ती थर्मामीटरकडे बघत राहिली.

"मीच. ओला होता. घाम आला होता तुम्हाला."

"फक्त पाठीला?"

अक्का म्हणाली, "अगं पोरी, हा माणूस मुंगीलासुद्धा 'जरा सरकता का' म्हणतो. हा तुझं काय वाकडं करणार आहे?"

"पट्टी सुटली होती," सिस्टर हळूच म्हणाली. "एका कडेनं पूर्ण. वर नवीन चिकटपट्टी लावली तर ती घसरत होती, तेल लावल्यासारखी. तिसऱ्यांदा कशीबशी बसली. आमची ड्यूटी बदलत होती, सगळ्याजणी टेबलाशी होत्या, त्यामुळे आधी कोण आलं-गेलं मला माहीत नाही, खरंच. मला वाटलं, घामानं सुटली. मग तुम्हाला दुखायला लागलं आणि माझी बोबडी वळली. म्हटलं, आपल्या हातूनच नळी ओढली गेली की काय. म्हणून नाही बोलले."

सदरा घामानं भिजला नव्हता. पोटासाठीचं औषध पाठीवर सांडत होतं. नळी सरकून बाहेर आली होती, कारण तिला धरणारी पट्टी बुळबुळीत कातडीवर चिकटवली होती. जेल पुसायचं राहून गेलं होतं. नळी जागेवर आहे का हे बघायला कुणीतरी आलं आणि बघण्याच्या नादात तिची पकडच घालवून गेलं.

पण कोण?

व्यायाम करून घेणारा फिजिओ संध्याकाळी आला, श्वास ओढून वर उचलायच्या तीन चेंडूंचा प्लास्टिकचा डबा घेऊन. त्याच्या ढकलगाडीवर जेलची बाटली होतीच.

"काका, हे खांद्या-गुडघ्यांच्या शेकाचं. तुमच्या पाठीला मी कशाला लावू? मला काय घरी जायचं नाही?" मग तो चेंडूंबद्दल बोलला, स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलला, अधीक्षकांच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. मी तिन्ही चेंडू उचलून धरले तेव्हाही तो बोलत होता.

तो गेल्यावर मी विचार करत राहिलो. माझ्या पाठीशी आलेला माणूस एक शब्द बोलला नव्हता. फिजिओला ते झोपेतही जमलं नसतं. मॅडम असत्या तर त्यांनी यंत्र थेट जागेवर लावलं असतं. असं चाचपडल्या नसत्या, आणि पाठ कोरडी केल्याशिवाय उठल्या नसत्या. सिस्टरला तर ते यंत्र सुरूही करता आलं नसतं.

म्हणजे असा कुणीतरी, ज्याला यंत्रापर्यंत जाता येतं पण ते नीट हाताळता येत नाही. ज्याला काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आणि ज्यानं तोंड उघडलं असतं, तर मी आवाज ओळखला असता.

"म्हणजे तुझ्याकडे कोणीच उरलं नाही," अक्का म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं आणि मोठे सर जखम बघायला आत आले.

५

त्यांचे हात सुरेख होते, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी पोटावरचं ड्रेसिंग काढलं ते मला कळलंही नाही. माझ्या आतली सगळी चांगली कामं त्याच हातांनी केली होती. त्यांच्यासमोर माझा संशय मला इतका हास्यास्पद वाटला, की मी जवळजवळ माफीच मागणार होतो.

"जखम उत्तम आहे," ते म्हणाले. "त्रास झाला तो टाळता आला असता. उद्या स्पष्ट सांगा. भिडेखातर गप्प बसू नका."

"तुम्हाला इतकी खात्री कशी आहे, सर?"

"अनुभव. तिच्या बोटांवर माझा विश्वास होता. यंत्र आल्यापासून तिला बोटं वापरायची लाज वाटते. मी त्या यंत्राला शिवतसुद्धा नाही." ते नवी पट्टी कापत होते. "इतकं स्पष्ट दिसतं म्हणते, तर मग नळी दिसायला नको? एवढी लांब नळी. तुमच्या पाठीत करड्या गाळाशिवाय काही नाही."

कात्री थांबली नाही. फक्त मीच थांबलो.

"माझ्या पाठीत?" मी विचारलं.

त्यांनी पट्टी चिकटवली. कडा एकदा, दोनदा दाबल्या. "कुणाच्याही पाठीत," ते म्हणाले आणि हात धुवायला वळले.

ते गेल्यावर अक्का माझ्याजवळ आली. माझा चेहरा तिला लहानपणापासून वाचता येतो.

"नको," ती म्हणाली. "तुझं पोट पुन्हा उघडायचंय त्याला. तो म्हणेल ते म्हण आणि गप्प राहा. मी सांगतेय तुला."

६

बैठक माझ्याच खोलीत झाली, कारण मला बसवत नव्हतं. अधीक्षक, मोठे सर, मॅडम. सिस्टर दारात. अक्का माझ्या उशाशी, हाताची घडी घालून.

"बोला," अधीक्षक म्हणाले.

मनात तयार केलेली वाक्यं विसरलो. तरी बोललो.

"नळी जागेवर होती," मी म्हणालो. "दुपारीही आणि संध्याकाळीही."

मग मी सगळं सांगितलं, अडखळत, मागेपुढे करत. पाठीवरची थंडी मध्येच कशी तुटली आणि चमच्यानं ती कशी तुटली नाही. खांद्यापासून कमरेपर्यंतचा वाळलेला पट्टा. न चिकटणारी चिकटपट्टी आणि पाठीकडून भिजलेला सदरा. "संध्याकाळी कुणीतरी यंत्र लावून बघितलं. बघून झाल्यावर पट्टी परत लावली, पण ओल्या जेलवर. कूस बदलताना नळी निसटली."

"पेशंट गुंगीत होता," सर अधीक्षकांना म्हणाले. "स्वप्नात कुणालाही थंडी वाजते."

"मलाही तसंच वाटलं," मी म्हणालो. "माझा स्वतःवर फार विश्वास नाही, सर. म्हणून मी तुमच्यावर ठेवला. काल तुम्ही म्हणालात, इतकी लांब नळी, पण दिसत नाही, माझ्या पाठीत नुसता करडा गाळ. मॅडम म्हणाल्या होत्या, की नळी कधीच दिसत नाही. पाणी ढकललं की रंग दिसतो. ज्यांनी यंत्र कधी लावलंच नाही ते नळी दिसली नाही असं म्हणणारच नाहीत. ज्यांना ते येतं ते नळी शोधणार नाहीत. माझ्या पाठीत नळी दिसली नाही, हे तिथं ती शोधणाऱ्या माणसालाच माहीत असणार."

अक्कानं माझी उशी सारखी केली.

"मी पन्नासएक वर्षं मुद्रितं तपासली," मी म्हणालो. "कितीदा तरी एखादा नवीन माणूस मला म्हणाला, पान स्वच्छ आहे, काही सापडलं नाही. तो खोटं बोलत नसे. काय शोधायचं हे त्याला माहीत नसे. तुम्हीही खोटं बोलला नाहीत, सर. तुम्हाला नळी दिसली नाही आणि तुम्ही मानलंत की ती नाहीच. म्हणूनच तुम्हाला इतकी खात्री होती."

अधीक्षकांनी पहिल्यांदा सरांकडे सरळ पाहिलं. "तुम्ही बघितलंत?"

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं होतं ते नाकारतील आणि मग माझ्याजवळ बोलायला काही उरणार नाही. सगळं नुसतं अनुमान होतं.

"बघितलं," ते म्हणाले. "रोज ऐकत होतो, यंत्रात दिसतं, यंत्रात दिसतं. म्हटलं, बघू तरी. काही दिसलं नाही. पट्टी मी परत लावली होती. नीट दाबून."

"जेलवर?" दारातून सिस्टर म्हणाली. या वेळी ती मागे सरली नाही.

सरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याच हातांकडे ते असे बघत होते, जसे ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"सर, विचारलं असतंत तर मी दाखवलं असतं," मॅडम म्हणाल्या.

"तुला विचारायचं? मी?"

"हो. मलाच."

अधीक्षक उठले. "यंत्राची किल्ली मॅडमकडे जाईल. बंदी आत्ता उठली. बाकीचं, सर, आपण माझ्या खोलीत बोलू." मग ते मला म्हणाले, "आभारी आहे," आणि कुठल्या गोष्टीबद्दल हे त्यांनाही नीट माहीत नसावं.

मॅडम खाटेला वळसा घालून आल्या. आता बंदी नव्हती. त्यांनी माझा सदरा वर करून, नळी जिथं होती तिथली जागा बघितली, बोटानं हलकेच दाबली आणि सदरा खाली ओढला. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

सगळे निघाले. सर मात्र मागे राहिले. अक्कानं माझा खांदा घट्ट धरला.

"तुमचं दुसरं ऑपरेशन राहिलंय," ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "आता तुम्हाला माझ्याकडे यायचं नसेल तर समजू शकतो. चिठ्ठी देतो. दुसऱ्या कुणाकडे जा."

हे वाक्य आधी ऐकलं असतं, तर मी रात्रभर तळमळलो असतो. आता मला फक्त एवढंच वाटलं, की त्या वाक्यात एक दुरुस्ती हवी आहे.

"मी तुमच्याकडेच येणार, सर," मी म्हणालो. "तुमच्यासारखे हात नाहीत कुणाचे. पण टेबलावर मी एका अटीवर चढेन. पोट तुमचं. पाठ त्यांची."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग सरांना म्हणाली, "ऐकलंत ना?"